हाती लागेल तो करदाता

१८६० च्या डिसेंबरात वसईत प्राप्तिकराविरुद्ध लोक जमले आणि प्रकरण दंग्यावर गेले. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडत असे, आणि जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरने या घटनेची नोंद ठेवली आहे. कर अगदी नवा होता. सत्तावनच्या उठावाने रिती झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन याला विलायतेहून धाडण्यात आले होते. त्याने त्याच वर्षी हिंदुस्थानातला पहिला प्राप्तिकर लागू केला. वर्षाची मिळकत २०० रुपयांपेक्षा कमी असेल तर माफी, २०० ते ५०० रुपयांवर शेकडा दोन आणि त्यापुढे शेकडा चार, असा तो हिशेब होता. त्या काळी शेतमजुराची वर्षभराची कमाई दोनशेच्या जवळपासही जात नसे. म्हणजे सरकारने प्रथमच सावकार, व्यापारी, जमीनदार, कारकून आणि बडे अधिकारी यांच्या मिळकतीकडे नजर वळवली होती. गहजब झाला तो त्यामुळे, आणि तो फक्त वसईपुरता राहिला नाही. मद्रासचा गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन याने या कराला उघड विरोध केला, म्हणून त्याला माघारी बोलावण्यात आले. विल्सन स्वतः ऑगस्टमध्येच कलकत्त्यात वारला. १८६२ मध्ये ५०० रुपयांखालच्या मिळकती वगळण्यात आल्या, पुढच्या वर्षी वरचा दर चारावरून तीनावर आला, आणि १८६५ मध्ये मुदत संपताच कर संपू दिला गेला.

याच जिल्ह्यात, याच वर्षांत, दुसरा एक कर मात्र सतत वाढत होता. ठाण्याच्या खाडीपासून भाईंदर, वसई, उरणपर्यंतच्या किनाऱ्यावर मिठागरे पसरलेली होती. भरतीचे पाणी बांधातून आत घ्यायचे, बाहेरच्या मोठ्या खाचरांत उन्हाने आटवायचे, तिथून आतल्या लहान वाफ्यांत सोडायचे, दाणा धरला की फावडीने ओढून बांधावर आणायचे आणि ढीग लावायचा, हे काम मुख्यतः आगरी कुटुंबे करत. दिवाळीनंतर सुरू झालेला हंगाम मृगाच्या तोंडाला संपे. पायाला मिठाच्या पाण्याने भेगा पडत आणि त्या वर्षभर भरून येत नसत. ढीग त्यांनी लावला तरी तो हलवण्याचा अधिकार त्यांचा नव्हता. सरकारी माणसासमोर वजन व्हायचे, मणामागे कर भरायचा, परवाना घ्यायचा, तेव्हा कुठे मीठ आगराबाहेर पडे. मुंबई इलाख्यात हा कर १८५९ मध्ये मणाला बारा आण्यांवरून एक रुपया झाला, आणि टप्प्याटप्प्याने चढत १८७७-७८ मध्ये अडीच रुपयांवर गेला. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. मीठ बनवायला येणारा खर्च या कराच्या मानाने किरकोळ होता, म्हणजे बाजारातून मीठ घेणारा माणूस प्रामुख्याने करच विकत घेत होता. आणि मीठ हा असा जिन्नस आहे की श्रीमंताच्या ताटात ते गरिबाच्या दसपट पडत नाही. उलट उन्हात राबणाऱ्याला आणि त्याच्या बैलाला ते जास्तच लागते.

हे दोन कर शेजारी ठेवले की आज चालणाऱ्या वादाचे मूळ सापडते. श्रीमंत पुरेसा कर भरतात का, हा प्रश्न दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास उठतो, आणि तो बहुधा दरांवरून भांडला जातो : तीस टक्के पुरे का, चाळीस हवेत का. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या खाडीकाठच्या पट्ट्याचा दीडशे वर्षांचा करांचा इतिहास मला वेगळे सांगतो. इथे कोणी किती भरले हे दराने क्वचितच ठरले. ते ठरले दोन गोष्टींनी : कोणाची मिळकत सरकारला आयती दिसते, आणि कराचा बोजा अंगावर आला की कोणाचा आवाज वरपर्यंत पोचतो. मिठाचा ढीग उघड्यावर असतो. सावकाराची वही बासनात बांधलेली असते. ढिगावर कर बसवायला एक वजनकाटा आणि एक शिपाई पुरतो, पण वहीवर कर बसवायचा तर वही उघडायला लावावी लागते, आणि ती उघडायला लावणे हे कुठल्याही राजवटीला जड जाते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. वसईत जमलेले सगळे धनिक नव्हते. दोनशे रुपयांच्या मर्यादेमुळे करात छोटा दुकानदार, बागायतदार, होडीमालकही आला होता. शिवाय कर आकारणाऱ्यांची मनमानी, नोटिसा न समजणे, अव्वाच्या सव्वा आकडे मांडणे, या तक्रारी देशभर होत्या आणि त्या खऱ्या होत्या. पण त्यांचे निवारण १८६२ मध्ये झाले होते. पाचशेखालचे सगळे सुटले होते. त्यानंतर उरला तो खऱ्या अर्थाने वरच्या थरावरचा कर, आणि तोच तीन वर्षांत मोडीत निघाला. लहानांच्या तक्रारीने कर नीट झाला, मोठ्यांच्या तक्रारीने तो गेला. मीठ खाणाऱ्यांची तक्रार तर कोणी ऐकलीही नाही, कारण त्यांना मुळात नोटीस येत नव्हती. त्यांचा कर किमतीत मिसळून गेलेला होता.

पुढची पंचवीस वर्षे सरकार याच पेचात चाचपडत राहिले. १८६७ मध्ये परवाना कर आला, नंतर दाखला कर, १८६९ मध्ये पुन्हा प्राप्तिकर, आणि १८७३ मध्ये लॉर्ड नॉर्थब्रूकने तो पुन्हा बंद केला. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर व्यापार-धंद्यांवर परवाना कर लादण्यात आला, तेव्हा सुरतेत दंगल झाली. त्या करात सरकारी नोकर आणि वकील-डॉक्टरांसारखे व्यावसायिक वगळलेले होते, शिवाय जास्तीत जास्त शुल्काला कमाल मर्यादा होती. म्हणजे पेढीवाला कितीही मोठा असला तरी ठरावीक रकमेपुढे त्याच्या खिशाला हात लागणार नव्हता. ही कमाल मर्यादेची युक्ती लक्षात ठेवावी, कारण ती शंभर वर्षांनी महाराष्ट्रात पुन्हा भेटते. १८८६ च्या कायद्याने अखेर प्राप्तिकर कायमचा झाला, नोकर आणि व्यावसायिक त्यात आले, पण शेतीचे उत्पन्न बाहेर ठेवले गेले. कारण दिले गेले की जमीन आधीच सारा भरते.

या कारणात अर्धे सत्य होते. सारा भरत होता तो मुख्यतः कसणारा. कुळाकडून खंड घेणाऱ्या मोठ्या जमीनमालकाला, इनामदाराला किंवा खोताला त्याच्या एकूण मिळकतीच्या मानाने सारा हलका पडे, आणि प्राप्तिकर तर माफच. महात्मा फुल्यांनी १८८० च्या दशकात 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हेच दुखणे मांडले होते : पट्ट्या शेतकरी भरतो आणि त्यातून चालणाऱ्या शाळा-कचेऱ्यांचा लाभ दुसरेच घेतात. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी त्याला करशास्त्राची भाषा दिली. प्राप्तिकरात कमाई नसेल तर कर नाही, साऱ्याला मात्र पीक आले काय आणि बुडाले काय, सूट नाही. प्राप्तिकर माणसाची ऐपत पाहतो, तर साऱ्याचा दर एका एकरवाल्याला आणि जहागीरदाराला एकच. ठाणे जिल्ह्यातल्या वरकस आणि खारजमिनी कसणाऱ्या कुळाला या युक्तिवादाचे स्पष्टीकरण देण्याची गरज नव्हती. १९२४-२५ च्या कर-चौकशी समितीनेही शेती-उत्पन्नाच्या सरसकट माफीला सैद्धांतिक आधार नाही असेच म्हटले. माफी तरीही टिकली. १९३५ च्या कायद्याने हा विषय प्रांतांकडे गेला, राज्यघटनेतही तसाच राहिला, आणि आज ज्यांची खरी कमाई शहरात आहे त्यांनाही ती शेतीची म्हणून दाखवण्याची वाट मोकळी आहे. अल्पभूधारकाचे नाव पुढे करून मोठ्या बागायतदाराला दिलेली ही सवलत मला अजूनही आपल्या करव्यवस्थेतला सर्वांत जुना अन्याय वाटते.

मिठाच्या बाबतीत मात्र आवाज पोचला, पण तो पोचवायला गोपाळ कृष्ण गोखले लागले. १९०२ च्या मार्चमधल्या अर्थसंकल्पावरच्या भाषणात त्यांनी सरकारच्या शिलकीवरच बोट ठेवले. लोक दुष्काळ आणि प्लेगने पिचलेले असताना तिजोरीत शिल्लक उरते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतले जातात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी मिठावरचा कर मणाला आठ आण्यांनी उतरला, आणि प्राप्तिकराची माफीमर्यादा ५०० वरून १,००० रुपयांवर गेली. १९०७ पर्यंत मीठकर एक रुपयावर आला. याच १९०३ च्या निर्णयाने दरमहा साठ-सत्तर रुपये मिळवणारा कारकूनही प्राप्तिकरातून सुटला. कल्याणहून, ठाण्याहून आगगाडीने मुंबईच्या कचेऱ्यांत जाणारा वर्ग तेव्हा आकार घेत होता. या पट्ट्याच्या पुढच्या शतकाचा करदाता तोच ठरणार होता.

शहरांच्या पातळीवरही निवड तीच झाली. कल्याणला १८५५ मध्ये आणि ठाण्याला १८६३ मध्ये नगरपालिका आली. दिवे, गटारे, पाणी यांना पैसा हवा होता, आणि तो उभा करायला दोन मार्ग होते. एक घरपट्टी : ज्याचे घर मोठे त्याला पट्टी मोठी. दुसरा जकात : गावात येणाऱ्या धान्य, तेल, तूप, कापड, लाकूड यांवर वेशीवर वसुली. मुंबई इलाख्यातल्या बहुतेक नगरपालिकांनी जकातीवर भर दिला, आणि याचे कारण समजायला कठीण नाही. समितीवर बसणारे लोक घरे-वाडे आणि दुकाने बाळगणारे होते. घरपट्टी त्यांच्या दारात येणार होती, तर जकात गिऱ्हाइकाच्या पिशवीतून निघणार होती. ही जकात दीडशे वर्षे टिकली. मुलुंडच्या चेकनाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत, डिझेल जळे, पावती कमी आणि तडजोड जास्त अशी ओरड असे, आणि शेवटी तो सगळा खर्च गिऱ्हाइकाच्या किराण्याच्या भावात उतरे. २०१३ च्या एप्रिलमध्ये ठाण्यात जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला, तेव्हा त्यात एक महत्त्वाचा फरक होता : वसुली नाक्यावर ट्रक अडवून होणार नव्हती, व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या वह्यांवरून होणार होती. मुंबई-ठाण्यापासून पुण्यापर्यंत दुकाने बंद झाली. २०१५ च्या १ ऑगस्टपासून ५० कोटींखालच्या उलाढालीला हा कर माफ झाला आणि २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला. व्यापाऱ्यांना निरीक्षकांच्या जाचाची भीती होती, ती निराधार नव्हती. पण हा विरोध १८६० च्या विरोधाचाच वंशज होता हेही खरे. नाक्यावर ट्रक थांबवला तर राग येतो, वही मागितली तर बंद पुकारला जातो.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीत श्रीमंतांवर कर लावण्याचा निर्धार झाला, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा होता. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये मृताच्या मालमत्तेवरचा वारसा कर आला. १९५७ मध्ये संपत्ती कर आला. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर होता. दोन लाखांपुढच्या प्रत्येक शंभर रुपयांतले जेमतेम सव्वादोन रुपये कमावणाऱ्याकडे राहायचे. श्रीमंतांवर जादा कर नको म्हणणारे आजही हाच आकडा दाखवतात, आणि त्यांचा मुद्दा टाळता येत नाही. वांछू समितीने १९७१ मध्ये स्पष्ट सांगितले की असे दर काळ्या पैशाला खतपाणी घालतात. १९७४ मध्ये चव्हाणांनीच तो दर ७७ टक्क्यांवर आणला. वारसा कर १९८५ मध्ये गेला तेव्हा त्याचे उत्पन्न वर्षाला वीस कोटींच्या आसपास होते आणि वसुलीचा खर्च त्या मानाने भारी पडत होता. संपत्ती कर २०१५ मध्ये रद्द झाला, तेव्हा त्याची आदल्या काळातली वार्षिक वसुली सारी १,००८ कोटी होती. प्रयोग फसले, यात शंका नाही. पण ते का फसले याचे उत्तर याच पट्ट्यात रचलेले दिसते. ज्या दशकांत दर आभाळाला भिडले होते, त्याच दशकांत ठाणे-डोंबिवलीत इमारती उभ्या राहत होत्या आणि घराच्या व्यवहारात चेकने किती, रोख किती, हे दोन आकडे सर्रास चालत. चेकचा भाग घेणाऱ्याच्या पगारातून, भविष्यनिर्वाह निधीतून आणि कर्जातून यायचा, त्यामुळे तो नोंदला जायचा. रोख भाग विकणाऱ्याकडे जायचा आणि त्याचा मागमूस राहायचा नाही. सरकारने ठरवलेला रेडी रेकनरचा दर प्राप्तिकरासाठीही आधार धरण्याची तरतूद २००२ च्या वित्त कायद्याने आली, तोवर एक पिढी घरे घेऊन चुकली होती. दर ९७ टक्के असो वा सत्तावीस, न दिसणाऱ्या पैशावर तो शून्यच असतो. म्हणून त्या प्रयोगांतून निघणारा धडा माझ्या मते एवढाच आहे की आंधळा कर निष्फळ जातो. श्रीमंतांवर कर लावूच नये, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

दिसणारा पैसा होता तो पगाराचा. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटीपासून औद्योगिक वसाहतींची सुरुवात झाली. पाठोपाठ डोंबिवलीची वसाहत आली. रेल्वे, बँका, विमा, मंत्रालय आणि हे कारखाने मिळून इथे नोकरदारांची अशी दाट वस्ती झाली की देशात तिला तोड कमी असावी. या माणसाचा कर त्याच्या हातात पैसे पडण्याआधीच कापला जातो. त्याला चुकवायची संधी नाही आणि चुकवायचा विचार करायलाही सवड नाही. १९७५ मध्ये महाराष्ट्राने याच माणसावर आणखी एक कर बसवला : व्यवसाय कर. उद्देश अत्यंत मोलाचा होता. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून राज्यभर उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा लागणार होता, आणि शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाची हमी घ्यावी, असा तो करार होता. शहराने खेड्यासाठी असे कायद्याने बांधून घेतल्याचे दुसरे उदाहरण देशात शोधावे लागेल. पन्नास वर्षे डोंबिवलीच्या कारकुनाने तो करार कुरकुर न करता पाळला आहे. या गोष्टीचा जितका अभिमान बाळगला जायला हवा होता तितका तो बाळगला गेला नाही.

पण त्या कराची रचना पाहा. दरमहा साडेसात हजारांपर्यंत पगार असलेल्या पुरुषाला माफी, दहा हजारांपर्यंत १७५ रुपये, आणि दहा हजारांपुढे २०० रुपये. फेब्रुवारीच्या पगारपत्रकात मात्र ३००, म्हणजे वर्षाचे बरोबर २,५०० होतात. ही वर्षाची रक्कम राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने ठरवलेली कमाल मर्यादा आहे. मूळ मर्यादा २५० रुपये होती, १९८८ मध्ये ती २,५०० झाली आणि तिथेच थांबली. स्त्रियांना २०२३ पासून २५ हजारांपर्यंत माफी आहे, ही सुधारणा चांगली आहे. बाकी ठिकाणी मात्र कोपरच्या गोदामात बारा हजारांवर काम करणारा तरुण आणि घोडबंदर रस्त्यावरच्या मनोऱ्यात राहणारा, वर्षाला कोट्यवधींचे वेतन घेणारा कंपनीप्रमुख एकच रक्कम भरतात. पहिल्याच्या बाबतीत ती त्याच्या कमाईच्या पावणेदोन टक्क्यांच्या जवळ जाते, दुसऱ्याच्या बाबतीत शेकड्यात मोजण्याजोगीही उरत नाही. १८७८ च्या परवाना कराची कमाल मर्यादा ती हीच. तेव्हा पेढीवाल्याला वाचवले, आता मोठ्या पगारवाल्याला.

घरपट्टीतही गणित फारसे वेगळे नाही. ती भाड्याच्या अंदाजावर ठरते, आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीला गोठवली होती. त्यामुळे ठाण्या-कल्याणच्या मोक्याच्या जागांवरचे जुने वाडे नाममात्र भरत राहिले, आणि स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटांवर कर्ज काढून घर घेणारा नवा रहिवासी कित्येक पट भरत राहिला. त्या वाड्यांत गरीब भाडेकरूही राहत होते हे मान्य, पण जमिनीचा चढता भाव भाडेकरूच्या खिशात जात नव्हता. २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत पुन्हा सामील झालेल्या २७ गावांना सर्वांत मोठा चटका बसला तो वाढलेल्या मालमत्ता कराचा, पाण्याचा नळ पोचण्याआधी. दुसरीकडे विकासकांची मोकळ्या जमिनीवरचा कर उतरवण्याची मागणी आणि मग सामान्य करदात्याला काय, हा वाद त्याच महापालिकेत वर्षानुवर्षे गाजला. घर घेणाऱ्याला मागणी मांडायला संघटना नसते. त्याला फक्त देयक येते.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येतो. प्राप्तिकर भरणारे देशात मूठभर, आणि त्यातलाही मोठा भाग वरच्या थोड्या लोकांकडून येतो, मग श्रीमंत भरत नाहीत असे कसे म्हणता? हे खरे आहे, आणि म्हणूनच 'श्रीमंत काहीच भरत नाहीत' हे वाक्य मी कुठेही लिहिलेले नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. जागतिक विषमता प्रयोगशाळेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नापैकी २२.६ टक्के आणि संपत्तीपैकी ४०.१ टक्के वरच्या एक टक्क्याकडे होती. ज्याच्याकडे संपत्तीचा असा वाटा आहे त्याने करातला मोठा वाटा उचलणे हे उपकार ठरत नाहीत. शिवाय प्राप्तिकर म्हणजे सगळे कर नव्हेत. दिव्याहून पहाटेच्या लोकलने घरकामाला जाणारी बाई साबण, मोबाइलचे रिचार्ज यांवर वस्तू आणि सेवा कर भरते, तोही तिच्या मालकिणीच्याच दराने. आणि वरच्या थरातही उत्पन्नाचा प्रकार बदलला की दर बदलतो. वरच्या टप्प्यातल्या पगाराच्या शेवटच्या रुपयावर तीस टक्के आणि अधिभार लागतो, तर वर्षभर ठेवून विकलेल्या नोंदणीकृत शेअरच्या नफ्यावर २०२४ पासून साडेबारा टक्के. २००४ ते २०१८ या काळात तर शेअर बाजारातल्या व्यवहारांवर असा नफा करमुक्तच होता. २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांचा मूळ दर सवलती सोडणाऱ्यांसाठी तीसवरून बावीस टक्क्यांवर आला, आणि २०२३-२४ मध्ये वैयक्तिक प्राप्तिकराची निव्वळ वसुली दहा लाख कोटींच्या पुढे गेली असताना कंपनीकर नऊ लाख कोटींच्या आसपास राहिला. जो श्रमावर जगतो त्याचा दर एक, जो भांडवलावर जगतो त्याचा दुसरा, ही रचना मला न्याय्य वाटत नाही.

भांडवल पळून जाईल, ही दुसरी भीती. शेअर पळू शकतो, कंपनीचे मुख्यालय दुबईला जाऊ शकते, हे मान्य. पण घोडबंदरची जमीन कुठे पळणार नाही, मेट्रोच्या मार्गालगत वाढलेला तिचा भावही पळणार नाही. तो भाव मालकाच्या कष्टाने वाढलेला नाही. तो सार्वजनिक पैशाने बांधलेल्या रस्त्याने, पुलाने आणि रोज लोंबकळत प्रवास करणाऱ्या लाखोंच्या गरजेने वाढलेला आहे. अशा वाढीवर कर बसवणे हे प्राप्तिकरापेक्षा सोपे आहे, कारण ती मिठाच्या ढिगासारखी उघड्यावर आहे. फरक इतकाच की या ढिगाचे मालक बलदंड आहेत. मुंबईने २०१० पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर घरपट्टी आकारायला सुरुवात केली, आणि २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतची घरे करातून मुक्त केली. या दोन्ही पावलांवर टीका करता येते, पण त्यातली दिशा बरोबर आहे : लहान घराला हलके, मोक्याच्या जमिनीला जड. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत लहान घरांच्या सवलतीबद्दल खूप बोलून झाले आहे. मोक्याच्या जमिनीबद्दल त्या मानाने कमी.

व्यवसाय कराचे पुढे काय, याला मात्र एक ठोस प्रस्ताव आधीच आहे. चौदाव्या वित्त आयोगाने २,५०० ची मर्यादा १२,००० करण्याची शिफारस केली, पंधराव्याने १८,००० ची. त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल आणि ती अजून झालेली नाही. झाली तरी काम निम्मेच होईल, कारण मर्यादा संसद ठरवते आणि टप्पे विधिमंडळ. मर्यादा वाढवून टप्पे आजच्यासारखेच ठेवले, म्हणजे दहा हजारांपुढच्या सगळ्यांना एकच आकडा लावला, तर बारा हजारांवर काम करणाऱ्याच्या दीड महिन्याच्या पगारावर टाच येईल, आणि कंपनीप्रमुखाला पूर्वीसारखीच ती रक्कम जाणवणार नाही. घटनादुरुस्तीचे विधेयक ज्या दिवशी मांडले जाईल त्याच दिवशी महाराष्ट्राने आपले नवे टप्पे जाहीर करावेत, पंचवीस हजारांखालच्या पुरुषांनाही स्त्रियांसारखी माफी द्यावी, आणि वाढीव उत्पन्न १९७५ च्या मूळ कराराप्रमाणे रोजगार हमीच्या खात्यावर वेगळे दाखवावे. कोण किती भरतो आणि ते कुठे जाते, हे त्या एका खात्यावरून डोंबिवलीच्या नोकरदाराला आणि मुरबाडच्या मजुराला सारखेच वाचता येईल.